प्रतिसाद: वजन कमी करा, पाणी नको
रतनगड ते हरिश्चंद्रगड या ट्रेकला सॅक १० किलोच्या आत ठेवा, असा सल्ला वर कुणी दिलाय, तो पटला. पण ती काटकसर पाण्यात नको. रतनगडाहून कात्राबाईची खिंड, मग कुमशेत, पाचनई ही गावं असं करत हरिश्चंद्रगड गाठायचा तर उन्हाळ्याकडे ओढे आटलेले असतात. माणशी ३ लिटर, म्हणजे ३ किलो, सुटका नाही. त्यापेक्षा जादा कपडे घरी ठेवा. रानात ढोरवाटा, म्हणजे गुरांच्या पायवाटा, फार फुटतात आणि चुकायला होतं, तेव्हा रतनगडाच्या पायथ्याच्या रतनवाडीतून वाटाड्या घ्याच. तिथे पैसे वाचवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

शक्यतो ऑक्टोबरात जा. ओढे वाहते असतात, आणि सकाळी पाठीशी ऊन, कड्याखाली धुकं असं जुळलं तर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं: गोल इंद्रधनुष्यात आपलीच सावली! नशिबाचा भाग आहे, म्हणून एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा.