मित्रांसोबत न्यूझीलंड रोड ट्रिप, मग पुढे मी एकटी: गाडीतून नेमकं कुठे उतरू?

सह्यभटकी:
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत न्यूझीलंडला जायचं जवळपास पक्कं झालंय, फक्त साऊथ आयलंड. कॉलेजपासूनचे आम्ही चौघं आहोत, एक जण ऑकलंडलाच असतो, बाकी आम्ही पुणे-बंगलोरवाले. गाडी भाड्याने घेऊन दहाएक दिवस सगळे मिळून फिरायचं, मग त्यांच्या सुट्ट्या संपतात आणि मी पुढे तीनेक आठवडे एकटी, सॅक घेऊन, बसने आणि पायी.

आत्ताचा प्लॅन असा: क्राइस्टचर्चहून निघून टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड, मग वेस्ट कोस्टने वर ग्लेशियर्स, आबेल टास्मान नॅशनल पार्क आणि परत क्राइस्टचर्च. तिथे ते एअरपोर्टला जाणार आणि मी हॉस्टेलला. पण मला सारखं वाटतंय की यात काहीतरी चुकतंय. एकतर दहा दिवसांत हे सगळं म्हणजे नुसतं गाडीत बसणं, आणि दुसरं म्हणजे सगळं बघूनच झालं तर मी पुढे एकटी काय करू?

सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत, पण बाहेरच्या देशात एकटीने कधीच नाही. बाकीच्या तिघांना ट्रेकिंगचं वेड नाहीये, त्यांना गाडी, तळी आणि निवांतपणा हवाय. आईला सगळं सांगितलंय, तिचा एकच प्रश्न आहे की रात्री फोन लागणार का. त्याचंही खरं उत्तर हवंय. गाडी की कॅम्परव्हॅन, हेही सांगा.

दक्षिणवारा:
मी क्राइस्टचर्चला राहतो. तुला वाटतंय ते बरोबर आहे, हा प्लॅन उलटा बांधलाय. आधी हे ठरव की कुठल्या जागांना स्वतःची गाडी असली तरच मजा आहे आणि कुठे बस किंवा पाय पुरतात. पहिल्या जागा मित्रांबरोबर कर, दुसऱ्या स्वतःसाठी ठेव.

गाडी खरी लागते ती टेकापो, माउंट कुक, लिंडिस पास आणि मिलफर्डच्या रस्त्याला. क्राइस्टचर्च ते टेकापो सव्वादोनशे किलोमीटर, तिथे एक रात्र राहाच, तो सगळा भाग 2012 पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश बघून बोलती बंद होते. मग पुकाकी तळ्याच्या कडेकडेने माउंट कुक गाव. हूकर व्हॅली ट्रॅक सगळ्यांना जमेल असा सपाट आहे, पण तिथल्या झुलत्या पुलाच्या कामामुळे वरचा टप्पा बंद ठेवला होता, म्हणून निघायच्या आधी डॉकच्या साइटवर बघून घ्या. डॉक म्हणजे इथलं वनखातंच समज, तुझ्या एकटीच्या भागात सगळं त्यांच्याशीच काम पडणार आहे.

वेस्ट कोस्ट आणि आबेल टास्मान या वेळी मित्रांच्या यादीतून काढून टाका. गाडी क्राइस्टचर्चला घेऊन क्वीन्सटाउनला सोडा, वन-वेचा चार्ज काही कंपन्या लावतात पण परत यायचं पेट्रोल आणि आख्खा दिवस वाचतो. क्वीन्सटाउनहून ऑकलंडला थेट विमानं आहेत.

आणि तू क्वीन्सटाउनपर्यंत जाऊच नकोस. मिलफर्ड बघून परत येताना टे आनाऊ नावाचं गाव लागतं, तिथे उतर. ते तिघं पुढे 170 किलोमीटर, दोन-सव्वादोन तासांत क्वीन्सटाउन. तू टे आनाऊत, आणि केपलर ट्रॅक गावापासून चालत पाऊण-एक तासावर सुरू होतो. 60 किलोमीटरचा लूप आहे, जिथून निघालीस तिथेच परत, म्हणजे गाडीचा प्रश्नच नाही. एकटीने सुरुवात करायला मला याहून चांगला ट्रॅक माहीत नाही.

चक्रधर_कोल्हापूर:
वरचा प्लॅन झकास. मी फक्त गाडीचं बोलतो. चौघं असाल तर कॅम्परव्हॅन नको. चार बर्थची व्हॅन म्हणजे छोटा टेम्पोच, वळणांवर हळू, आणि रोज संध्याकाळी अंथरूण-टेबल-अंथरूण असा खेळ करावा लागतो, त्यात चार मोठ्या सॅक. साधी एसयूव्ही घ्या आणि हॉलिडे पार्कमधल्या केबिनमध्ये राहा, तिथे कॉमन किचन असतं, भात-आमटी करा, मस्त गप्पा होतात.

डावीकडूनच चालवायचंय त्यामुळे भारतीय माणसाला पहिल्या दिवसापासून जमतं, पण म्हणूनच गाफील राहू नका. खुल्या रस्त्यावर 100 ची लिमिट असते पण वळणं अशी की सरासरी कधीच तेवढी पडत नाही, मॅप जो वेळ दाखवतो त्यात तासाभराची भर घाला. एकपदरी पूल खूप आहेत: तुमच्या बाजूचा छोटा लाल बाण म्हणजे तुम्ही थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. मागे गाड्यांची रांग लागली की जागा बघून बाजूला घ्यायचं, तिथे हे लोक फार मनापासून पाळतात.

लायसन्स इंग्रजीत हवं, आणि आरटीओतून इंटरनॅशनल परमिटही काढून ठेवा, भाड्याच्या काउंटरवर वाद होत नाही. जो जो चालवणार त्या प्रत्येकाचं नाव करारात घाला, नाहीतर इन्शुरन्स लागू होत नाही. कच्च्या रस्त्यावर इन्शुरन्स चालतो का तेही विचारा.

टे आनाऊला टाकी फुल करूनच मिलफर्डला निघा, 120 किलोमीटर जायला आणि तेवढंच यायला, मध्ये पेट्रोलच्या भरवशावर राहू नका. होमर टनेल सव्वा किलोमीटरचा, तिथे सिग्नलला थांबावं लागलं की किआ नावाचे डोंगरी पोपट गाडीवर येऊन बसतात आणि दारांचं रबर ओढतात, त्यांना खायला अजिबात घालू नका.

सह्यभटकी:
दक्षिणवारा दादा, टे आनाऊची आयडिया डोक्यातच आली नव्हती, मी धरूनच चालले होते की निरोप एअरपोर्टवरच द्यायचा असतो. ग्रुपवर टाकलं, तिघंही खूश, कारण वेस्ट कोस्टचं ड्रायव्हिंग वाचलं.

दोन शंका. केपलर की रूटबर्न? सगळे रूटबर्नचं नाव घेतात. आणि फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा ना, मग पाऊस नसेल असं धरू का?

रानजाई:
मी तिथे एकटीने फिरलेय, तेव्हा या दोन्हीचं सांगते.

रूटबर्न सुंदर आहे, 33 किलोमीटरच, पण त्याची दोन टोकं रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर लांब आहेत, एक ग्लेनॉर्कीच्या बाजूला आणि एक मिलफर्ड रोडवर. शटल जुळवण्यात पैसे आणि डोकं दोन्ही जातं. एकटीने पहिल्यांदा चालताना केपलरच घे. रूटबर्न नंतर कर, तोवर तिकडच्या हवेचा अंदाज आलेला असेल. दोन्हीच्या हट, म्हणजे ट्रॅकवरच्या मुक्कामाच्या झोपड्या, बुक कराव्या लागतात, बुकिंग महिनोनमहिने आधी उघडतं आणि भराभर संपतं, परदेशी पाहुण्यांना दरही जास्त आहे. जागा गेल्या असतील तरी रोज बघत राहा, लोक कॅन्सल करतात. सीझनमध्ये हटमध्ये गॅस असतो, भांडी मात्र आपली न्यायची.

पाऊस नसेल असं अजिबात धरू नकोस. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा, फरक एवढाच की आंबोलीचा चार महिन्यांत पडतो आणि तिथला बारा महिने कधीही. केपलरला लक्समोर हटच्या पुढे उघड्या धारेवरून चालायचंय, तिथे वारा आडवा पाडतो. हटच्या वॉर्डनने थांब म्हटलं तर थांबायचंच. आणि हे फार कळकळीने सांगते, आपण सह्याद्रीत पावसाळ्यात ओढे ओलांडायला सरावलेले असतो, तो सराव तिथे वापरू नकोस. इतर ट्रॅकवर पूल नसलेली नदी फुगलेली दिसली की पाणी उतरेपर्यंत बसून राहा, नाहीतर मागे फिर. पाणी बर्फाचं असतं आणि जोर वरून कळत नाही.

आईसाठी: ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही, मिलफर्ड रोडवरही तेच. त्यांना हे आधीच स्पष्ट सांग, उगाच आशा ठेवू नकोस. टे आनाऊत पर्सनल लोकेटर बीकन भाड्याने मिळतो, तो घे. बटण दाबलं की उपग्रहामार्फत रेस्क्यूवाल्यांना जागा कळते, त्याला मोबाइलच्या रेंजची गरज नसते. शिवाय तुझा रूट, हटची नावं आणि बाहेर पडायचा दिवस ऑकलंडच्या मित्राला लिहून दे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने 111 या तिथल्या इमर्जन्सी नंबरला कळवायचं तेही ठरवा. आईलाही त्याचा नंबर दे. माझ्या घरच्यांना नुसत्या "काळजी करू नका"पेक्षा अशा कागदाने जास्त धीर आला.

मित्र गेले त्याच दिवशी ट्रॅकला लागू नकोस. मध्ये एक मोकळा दिवस ठेव. गाडी वळून गेली की संध्याकाळी एकदम रिकामं वाटतं, ते होणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. तेवढ्यात कपडे धू, किराणा घे, डॉकच्या सेंटरवर जाऊन हटचं बुकिंग आणि हवामान बघ. पहिल्या हटमध्ये जेवायच्या टेबलावर ओळखी होतातच.

दक्षिणवारा:
रानजाईताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. दोन गोष्टी राहिल्या. एअरपोर्टवर खायचं सगळं डिक्लेअर करा, मेतकूट, लोणचं, चिवडा, काहीही असो. डिक्लेअर केलं तर फार तर काढून घेतील, लपलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. मध आणूच नका. ट्रेकिंगचे बूट ब्रशने घासून आणा, खाचांमध्ये सह्याद्रीची माती दिसली तर थांबवतात.

दुसरं, इथे अपघातात दुखापत झाली तर पाहुण्यांनाही एसीसी या सरकारी योजनेतून उपचार मिळतात, पण आजारपण आणि भारतात परत नेण्याचा खर्च त्यात येत नाही. म्हणून एकटीच्या आठवड्यांसकट पूर्ण मुदतीचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घे, ट्रेकिंग कव्हर आहे ना ते वाचून.

केपलरच्या तारखा मिळाल्या की इथे टाक. मिलफर्डचा दिवस त्याच्या दोन दिवस आधी बसवायचा आणि तिथून मागे मोजत टेकापोपर्यंत यायचं. मित्रांची तिकिटं त्यानंतरच काढा.