सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतर 15,340 किमी, मग पावणेएकोणीस तास कसे?

नकाशावेडा: सिंगापूरचं चांगी विमानतळ ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ, सरळ अंतर 15,340 किमी दिसतं. ताशी 900 ने भागलं की 17 तास. वेळापत्रकात मात्र पावणेएकोणीसच्या आसपास. त्यात एक्सेलमध्ये स्वतः सूत्र घातलं तर उत्तर 5,320 किमी! कुठे चुकतंय?

अक्षांश: आधी 5,320 चं बघू. जेएफके 73.78 अंश पश्चिमेला आहे, म्हणून उणे 73.78 लिहायचं. उणे लिहायचं विसरलं की तुमचं न्यूयॉर्क किरगिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाऊन पडतं! चांगी 1.36 उत्तर, 103.99 पूर्व, जेएफके 40.64 उत्तर. रेखांशांतला फरक 30.21 नव्हे, 177.77 अंश.
अंतर = 6371 × आर्ककोस (साइन अ१ × साइन अ२ + कोस अ१ × कोस अ२ × कोस फरक)
6371 म्हणजे पृथ्वीची त्रिज्या किमीत, अ१ आणि अ२ म्हणजे दोन विमानतळांचे अक्षांश, फरक म्हणजे रेखांशांतला.
अंशांचे रेडियन (कोन मोजायचं एक्सेलला लागणारं एकक) केलेले दिसतात, नाहीतर आकडा भलताच आला असता. उणे घाला, 15,340 येईल.

वाऱ्यावरची_वरात: आता वेळेचं. 15,340 हा ग्रेट सर्कलचा (पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा) आकडा, आणि ती रेषा उत्तर ध्रुवापासून 300 किमीच्या आतून जाते. विमान सहसा तसं जात नाही. एक तर ती वाट सायबेरियावरून आहे, आणि 2022 पासून बऱ्याच कंपन्या रशियाचं आकाश टाळतात. दुसरं म्हणजे जेटस्ट्रीम (खूप उंचावरचा जोरदार वारा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान पॅसिफिकवरून पूर्वेला जातं: वाट लांब, पण वारा पाठीशी. 2018 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाची सेवा जाहीर करताना सिंगापूर एअरलाइन्सने अंतर 16,700 किमी आणि वेळ 18 तास 45 मिनिटं सांगितली होती. आता भागून बघा, ताशी 890 येतात. गंमत म्हणजे परतीलाही बऱ्याचदा पूर्वेकडेच, अटलांटिक आणि युरोपवरून. दोन्ही शहरं जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर असल्यामुळे हे परवडतं. मुंबई–न्यूयॉर्कला (12,530 किमी) ही सोय नाही, म्हणून तिकडे जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आणखी एक: वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो. विमान गेट आणि धावपट्टीदरम्यान जमिनीवर चालतं, ती वीस-चाळीस मिनिटं त्यातच, शिवाय चढताना आणि उतरताना वेग 900 नसतो.

नकाशावेडा: उणे घातल्यावर आकडा जुळला! पण दुपारी 12 ला सुटून त्याच दिवशी संध्याकाळी 6:40 ला पोचणं म्हणजे सहा तास चाळीस मिनिटंच ना?

अक्षांश: दोन्ही वेळा स्थानिक आहेत. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या 12 तास मागे, हिवाळ्यात 13. उन्हाळ्याचं धरलं तर 6:40 मध्ये 12 मिळवा: 18 तास 40 मिनिटं. सिंगापूर घड्याळ बदलत नाही, अमेरिका मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलते. त्या आठवड्यांत पुढचं कनेक्शन असेल तर तास पुन्हा मोजा.