खेड्यासाठी लिहिणाऱ्यानं आकडे पाहावेत की नाही?

पऱ्हाटी (दारव्हा, यवतमाळ)
परवा एका ओळखीच्या लेखकानं मला सुनावलं, "ॲनालिटिक्स उघडत नसशील तर तू स्वतःशीच बडबडतोस." ॲनालिटिक्स म्हणजे आपलं लिखाण किती जणांनी, कुठून अन् किती वेळ वाचलं ते मोजणारं गुगलचं साधन. ते बोलणं डोक्यात बसलं, म्हणून हा धागा. माझं मत उलट आहे. आपल्या भागातल्या खेड्यांसाठी लिहिणाऱ्यानं हे आकडे शक्यतो पाहूच नयेत.

२०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून दर पावसाळ्यात मी फवारणीवर लिहितो. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, दोन औषधं मनानं मिसळू नका. हे ज्याच्यासाठी लिहायचं त्या मजुराकडे बटणाचा फोन. कृषी केंद्रासमोरच्या बाकड्यावर कोणी तरी मोठ्यानं वाचतं अन् आठ-दहा जण ऐकतात, पण आकड्यात वाचक दिसतो एक. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर फिरला तर तोही नाही.

त्याच हंगामात पोळ्याच्या झडत्यांवर (पोळ्याला म्हणतात त्या गमतीच्या ओळींवर) सहज काही लिहिलं की आकडा उड्या मारतो. रोज तोच बघत बसलो तर पुढच्या पावसाळ्यात मी कशावर लिहीन, तुम्हीच सांगा.

संत्रा_बहार (वरुड)
भाऊ, तुम्ही भलताच आकडा पाहून राह्यले. किती आले ते सोडा, काय विचारत आले ते पाहा. गुगल सर्च कन्सोल फुकट आहे. आपलं पान शोधात किती वेळा दिसलं, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, कोणते शब्द टाकून आले, सगळं त्यात आहे.

आंबिया बहाराच्या फळगळीवर माझा लेख आहे. शीर्षक होतं "संत्रा फळगळ : कारणे व उपाययोजना". शोधात दिसत होता रग्गड, उघडत कोणी नव्हतं. लोक शोधत होते "संत्र्याची फळं पिवळी पडून काऊन गळतात". तोच प्रश्न शीर्षकात टाकला, उत्तर पहिल्या परिच्छेदात आणलं अन् लोक उघडू लागले. लेखातला सल्ला तोच होता, एक ओळ बदलली नाही. सोळा महिन्यांची नोंद राहते त्यात, म्हणजे मागचा ऑगस्ट यंदाच्या ऑगस्टशेजारी ठेवून पाहता येतो. हे न पाहता लिहिणं म्हणजे आंधळेपणाच की!

मुक्काम_नागपूर
खेड्यातला वाचक, खेड्यातला वाचक! माझ्या आकड्यांत पुणे, मुंबई, नागपूर. अमरावतीसुद्धा खाली कुठं तरी. आपल्याला वाचतात ती गाव सोडून गेलेली माणसं, हे एकदा मान्य करा अन् त्यांच्यासाठी लिहा.

आकडेमोड (वाशीम)
रोजचं पोट याच कामावर आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

नागपूरवाले दादा, ते शहर म्हणजे वाचकाचा पत्ता नाही, आयपी क्रमांकावरून, म्हणजे नेटला जोडलं की मिळणाऱ्या क्रमांकावरून, बांधलेला अंदाज आहे. मोबाइल नेट वापरणाऱ्याचा क्रमांक बरेचदा कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहरावर नोंदलेला असतो. आर्णीत बसून वाचणारा पोरगा तुमच्या यादीत पुण्याचा होऊ शकतो. वायफाय, ब्रॉडबँड असलं की अंदाज जरा बरा येतो, पण आपल्या गावांत किती घरी ते आहे? शहरांच्या त्या यादीवर विषय ठरवू नका.

दुसरं, "वापरकर्ता" म्हणजे माणूस नव्हे. तो एका फोनवरचा एक ब्राउझर असतो. नवऱ्याच्या फोनवर बायको अन् पोरगी वाचत असतील तर तिघं मिळून एक. उलट एकच मास्तर घरी मोबाइलवर अन् शाळेत कॉम्प्युटरवर वाचत असेल तर ते दोन. नेट रडतरखडत असलं की मजकूर आधी दिसतो, मोजणारा कोड मागून येतो. तोवर माणूस वाचून निघाला तर तो आलाच नाही असं धरलं जातं.

वेळेचंही तसंच. जुन्या ॲनालिटिक्समध्ये माणूस एकच पान वाचून गेला तर बहुधा त्याची वेळ शून्य लागायची, मग तो पंधरा मिनिटं वाचत बसला असला तरी. ते जुनं १ जुलै २०२३ पासून बंद पडलं. आताच्या ॲनालिटिक्स ४ मध्ये भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली की तिला "गुंतलेली" म्हणतात. दहा सेकंदांत आमचे आबा चष्मासुद्धा शोधत नाहीत! म्हणून गुंतलेल्या भेटींची टक्केवारी पाहून हुरळू नका. सरासरी गुंतवणुकीची वेळ पाहा, ती पान खरंच समोर उघडं असतानाचीच धरतात.

वाचक कमी असतील तर वय अन् लिंगाचे तक्ते अर्धे रिकामे दिसतात. माणूस ओळखू येऊ नये म्हणून गुगलच ते झाकतं. अन् व्हॉट्सॲपवरून आलेला बहुतेक "डायरेक्ट" खात्यात जातो, जणू पत्ता पाठ करून आला. गटात लिंक टाकताना तिच्या शेवटी यूटीएमचे शब्द, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी खूण, जोडले की तो वेगळा दिसतो.

पऱ्हाटी दादा, इतकं सगळं असूनही मी आकडे पाहायच्याच बाजूची आहे. फक्त कशाचा आकडा आहे ते ठाऊक हवं.

मुक्काम_नागपूर
म्हणजे आकडा खोटाच ना? मग माझी यादी चूक अन् संत्रावाल्यांची बरोबर, हे कसं बाप्पा?

आकडेमोड (वाशीम)
खोटा नाही. शहर हा अंदाज आहे. शोधलेले शब्द माणसानं स्वतः टाकलेले किंवा फोनला बोललेले असतात. त्यांतलेही जे फार थोड्यांनी शोधलेत ते गुगल दाखवत नाही, एवढंच.

झाडीपट्टी (देसाईगंज)
आमच्याकडं नाटकाचा गल्ला कंत्राटदार मोजतो. लिहिणारा मागं उभा राहून कोणत्या प्रवेशाला लोक चहाला उठतात ते पाहतो. दोघांनी जागा बदलली की नाटक बसतं खाली. बाकी चालू द्या.

पऱ्हाटी (दारव्हा, यवतमाळ)
वाशीमच्या ताई, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पण माझा मुद्दा यानं ढळत नाही. शोधात येतो तो ज्याला प्रश्न पडलाय तो. संत्री गळताना डोळ्यांनी दिसतात म्हणून लोक विचारतात. फवारणीआधी कोणी "मला विषबाधा होईल का" असं शोधतं का? चक्कर आल्यावर दवाखाना शोधतात, लेख नाही. जो प्रश्न कोणाला पडतच नाही, तो तुमच्या सर्च कन्सोलमध्ये कुठून येणार?

संत्रा_बहार (वरुड)
बरोबर, ते नाही शोधत. पण "कपाशीवर कोणतं औषध मारू" हे तर शोधतातच, अन् पंप भरायच्या आदल्या रात्रीच शोधतात. त्या प्रश्नावर लेख लिहा. औषधाचं नाव अन् प्रमाण सांगितलं की लगेच खाली तुमचं नोझल, वारा, हातमोजे टाका. वेगळा लेख कशाला पाहिजे? आकड्यानं विषय नाही बदलायचा भाऊ, फक्त दार कोणतं ते सांगायचं.

पऱ्हाटी (दारव्हा, यवतमाळ)
हे करतो. यंदाच्या फवारणीआधीच करतो. पण बाकड्यावरचे ते आठ-दहा जण अजूनही कुठल्याच तक्त्यात नाहीत.

आकडेमोड (वाशीम)
ते तक्त्यात यायचेही नाहीत. त्यांच्यासाठी कृषी केंद्रवाल्याला विचारा, औषधासोबत हातमोजे अन् मास्क मागणारे यंदा वाढले का. तुमच्या लेखाचा खरा आकडा तिथं आहे.

संत्रा_बहार (वरुड)
ताई, तो दुकानदार आहे. हातमोजे त्याच्याकडं विकायला असले तरच "वाढले" म्हणेल. त्यापेक्षा दोन-चार मजुरांनाच विचारलेलं बरं.