वॉल्वचा अँप, आवाज सुधारायचाय, कंडेन्सर कुठले घेऊ? (मदत हवी आहे)

शहापूरचा_पोरगा: बाबांचा वॉल्वचा (काचेच्या नळ्यांचा) अँप माळ्यावर पडून होता, दिवाळीत खाली काढला, चालू झाला की! आवाज गोड हाय पण अर्ध्या तासानं फाटूलाय. कपलिंगचे कंडेन्सर बदलले की आवाज खुलतो म्हणे. भारीतले कुठले घेऊ? लवकर सांगा, रविवारीच मोकळा हाय.

टेस्टर_मामा: कुठले वॉल्व? मोनो की स्टिरिओ? फाटतो म्हणजे कसा? आम्ही काय मनकवडे?

शहापूरचा_पोरगा: मोनो. स्पीकर चालवणारे ईएल ८४ दोन, त्यांच्या आधीचे ईसीसी ८३ दोन, एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड ८१. वॉल्ववर बेल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) लिहिलंय, बेंगळुरूचे. आता सांगा कुठले घेऊ.

तेलवाला: डोळे झाकून पेपर-इन-ऑइल, तेलात भिजवलेल्या कागदाचे. मी घातले, बाईचा आवाज असा पुढ्यात येऊन बसतो! महाग पडतात, पण शौकाला मोल नसतं.

टेस्टर_मामा: तेल ठेवा बाजूला. कपलिंग कंडेन्सरचं काम आधीच्या वॉल्वचं डीसी (स्थिर व्होल्टेज) अडवायचं, आवाज तेवढा पुढं सोडायचा. जुना कागदी तापला की डीसी गळतो, ईएल ८४ ची ग्रीड (करंट आवरणारी जाळी) पॉझिटिव्ह होते, वॉल्व जास्त करंट ओढतो आणि आवाज फाटतो. ईएल ८४ च्या पिन २ वर, म्हणजे ग्रीडवर, चेसिसपासून (पत्र्याच्या सांगाड्यापासून) डीसी मोज, अर्धा तास चालवून. शून्याच्या आसपास पाहिजे. आत तीनेकशे व्होल्ट असतात, एक हात खिशात. सोल्डरिंगआधी प्लग काढून फिल्टर कंडेन्सर (सप्लायचे मोठे, बंद केल्यावरही भरलेले असतात) रेझिस्टन्स लावून रिकामे कर, स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नकोस.

निपाणीकर: एवढी कटकट कशाला? मी माझा विकून क्लास डीचं (वॉल्वऐवजी चिपचं) बोर्ड घेतलं. तळहाताएवढं, तापत नाही.

तेलवाला: मग ऐकायलाही तसंच, तळहाताएवढं.

सुळेभावी_एक्सप्रेस: यावर कुमारजी, गायक कुमार गंधर्व, ऐका हो. जन्म आमच्या गावचा, सुळेभावीचा, १९२४ चा!

निपाणीकर: ऐकूया की, पण ते देवासचे ना?

सुळेभावी_एक्सप्रेस: देवासला नंतर गेले, ऐन तिशीच्या आत, क्षयासाठी हवापालट म्हणून. जन्म इकडचाच.

शहापूरचा_पोरगा: मोजलं. एका ईएल ८४ ला शून्य, दुसऱ्याला सात व्होल्ट, वाढूलाय. बरं, चालू करताना ईझेड ८१ मध्ये निळी ठिणगी दिसते, ती नॉर्मल का?

टेस्टर_मामा: नाही!! कधीपासून?

शहापूरचा_पोरगा: फिल्टरचा पहिला कंडेन्सर, रेक्टिफायरच्या लगेच पुढचा, मीच बदलला ना, ४७ मायक्रोफॅरडचा होता, बास वाढेल म्हणून २२० चा घातला. ते काय विचारायचं म्हणून लिहिलं नव्हतं.

टेस्टर_मामा: अरे लेका, तेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं! ईझेड ८१ ला पहिला कंडेन्सर जास्तीत जास्त ५० मायक्रो. २२० भरायला एवढा करंट ओढतो की ईझेड ८१ चं कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) उडतं, कधी ट्रान्सफॉर्मरपण सोबत जातो. आज चालू करू नकोस. ४७ मायक्रो, ४५० व्होल्टचा परत घाल. कपलिंगचे दोन्ही बदल, ०.१ मायक्रो ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिन (प्लास्टिक फिल्मचे). सात व्होल्टवाला वॉल्व तपासून घे, तापून म्हातारा झाला असेल.

तेलवाला: पॉलिप्रॉपिलिन कोरडा वाजतो. माझं मत.

शहापूरचा_पोरगा: ४७ चा घालतो मामा, चुकलो. बाबांनी बघितली ठिणगी, ते म्हणाले त्यांच्या वेळी पण अशीच यायची, म्हणून मी गप्प. पण मूळ प्रश्न राहिलाच की ओ, भारीतले कुठले?