सरकारी इमारतींचे ऊर्जानियम आणि आपली गच्ची

सचिव (बी विंग) : सर्व सभासदांना नमस्कार. रविवारच्या सभेत गच्चीवरील सौर पॅनेलच्या कोटेशनवर निर्णय घ्यायचा आहे. ऊर्जा संवर्धनाचे नियम सरकारी इमारतींसाठी असतात, आपण त्यांत पडू नये, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. ए विंगमधील काकांची नोकरी बांधकाम खात्यात झाली असल्याने त्यांनी याविषयी लिहावे, ही विनंती.

काका (ए विंग) : सचिव साहेब, हे नियम फक्त सरकारसाठी आहेत, हा समज बरोबर नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली. तिचा रोख १०० किलोवॅट किंवा अधिक जोडभार (इमारतीतील सर्व वीज उपकरणांची एकूण क्षमता) असलेल्या नव्या व्यापारी इमारतींवर होता. २०२२ च्या कायदादुरुस्तीने तेवढ्याच जोडभाराच्या कार्यालयीन आणि निवासी इमारतींनाही कक्षेत घेण्याची तरतूद झाली. आपली इमारत जुनी असल्याने आपल्यावर सक्ती नाही, एवढेच खरे.

सरकारी इमारतींनी मात्र यात पुढे असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खासगी इमारत बिल्डर बांधतो आणि वीजबिल राहणारा भरतो; सरकारी कार्यालयाचे बांधकाम आणि पुढच्या अनेक दशकांचे बिल, दोन्ही जनतेच्याच पैशातून जाते. अडचण अशी, की दोहोंची लेखाशीर्षे, म्हणजे खर्चाची खाती, वेगळी असल्याने छताचे उष्णतारोधक काम वगळून वाचवलेला पैसा निविदेत दिसतो आणि त्यापायी वाढलेले बिल दुसऱ्याच फायलीत जाते. नवी दिल्लीत २०१४ साली सुरू झालेल्या इंदिरा पर्यावरण भवनावर, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या इमारतीवर, ९३० किलोवॅटचे सौर पॅनेल आहेत. पण तिथे नैसर्गिक प्रकाश, मधले मोकळे अंगण आणि खेळती हवा यांचा विचार आराखड्यातच करून विजेची गरज मुळात कमी केली गेली. आधी गरज कमी करायची आणि मग पॅनेल लावायचे, हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपण नेमके उलटे करायला निघालो आहोत. निवासी इमारतींच्या २०१८ च्या संहितेनुसार छतातून आत येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण प्रति चौरस मीटर, आतल्या-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त नसावे. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता येते. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असताना वरच्या मजल्यावरील एसी त्या स्लॅबशीच झगडत राहतो. शिवाय पॅनेलचे सांगाडे बसल्यावर गच्ची गळू लागली, तर सगळे उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. आधी कोबा आणि वॉटरप्रूफिंग दुरुस्त करावे, वर परावर्तक पांढरा रंग द्यावा, जिने आणि पार्किंगमधील जुन्या ट्यूब बदलून एलईडी लावावेत, आणि मग लिफ्ट, पंप व दिव्यांचा भार नव्याने मोजून पॅनेलची क्षमता ठरवावी.

ताई (सी विंग, वरचा मजला) : काका, पांढरा रंग धुळीने आणि शेवाळाने काळवंडतो. मग त्याचा उपयोग किती दिवस राहणार?

काका (ए विंग) : ताई, आपली शंका योग्य आहे. पावसाळा संपल्यावर गच्ची दरवर्षी धुवावी लागेल आणि काही वर्षांनी रंगाचा हातही द्यावा लागेल. हे काम देखभालीच्या करारातच लिहून घ्यावे.

सचिव (बी विंग) : सभेत प्रथम गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव मांडतो. सौर पॅनेलचे कोटेशन भार मोजून झाल्यावर नव्याने मागवू.