बहिणीला एकटीने आई व्हायचंय आणि घरात दोन तट पडलेत

गोदाकाठ

माझी धाकटी बहीण ३८ वर्षांची आहे. बँकेत अधिकारी आहे, नाशिकला स्वतःचा फ्लॅट आहे, लग्न झालेलं नाही. दहा वर्षं स्थळं पाहून झाली. शेवटचे कांदेपोहे चार वर्षांपूर्वी झाले, त्यानंतर तिनेच आईला "आता पुरे" म्हणून सांगितलं. यंदा भाऊबीजेला सगळे पंगतीला बसलेले असताना ती म्हणाली, "मी स्पर्म बँकेतून दाता घेऊन आयव्हीएफ करणार आहे. डॉक्टरांना भेटून आलेय."

आई ताटावरून उठली. भाऊ म्हणाला, "उद्या शाळेत बापाच्या रकान्यात काय लिहिशील?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात मी तिच्यासोबत दवाखान्यात गेले. काउंटरवर तीनदा "मिस्टर आलेत का?" असं विचारलं. फॉर्मवर पतीच्या नावाचा रकाना होता, तिने त्यावर सरळ रेघ मारली. डॉक्टर मात्र नीट बोलल्या. कृत्रिम गर्भधारणेच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे २१ वर्षांवरच्या आणि ५० च्या आतल्या अविवाहित स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवणं, मात्र नाही. ती एकट्या स्त्रियांपैकी फक्त ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटितेसाठी आहे.

मी तिच्या बाजूने आहे. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मला टायफॉइड झाला होता. दोन महिने याच बहिणीने त्याला सांभाळलं. बँकेतून येऊन त्याचा वरणभात, त्याची अंघोळ, रात्रीचं रडणं, सगळं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हिला एकटीला जमणार नाही. पदरात दोन पोरं असलेल्या विधवेला आपण सांगतो, "मुलांकडे बघ, पदर खोच आणि उभी राहा." तिला जमेल यावर आपला विश्वास असतो. मग जिने पाच वर्षं पैसे साठवले, घर घेतलं, सगळा विचार केला, तिच्यावर का नाही?

तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, मला तो समजून घ्यायचा आहे.

आजोबा_मुलुंड

ताई, माझं वय ७१. विरोध लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

विधवेचं उदाहरण मला पटत नाही. दैवाने आलेलं सोसणं वेगळं आणि आपण होऊन ते मुलाच्या वाट्याला आणणं वेगळं. माझे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. आईने गिरणीकामगारांचे डबे करून आम्हाला वाढवलं, तिच्या कष्टात काही उणं नव्हतं. पण पहिल्यांदा मिसरूड फुटली तेव्हा दाढी कशी करायची हे विचारायला घरात कुणी नव्हतं. मी दोन दिवस चाळीतल्या शेजाऱ्यांच्या मोरीपाशी घुटमळत राहिलो. शेवटी त्यांनीच हाताला धरून आरशासमोर उभं केलं. लोकांना ही गोष्ट लहान वाटेल. मला पासष्ट वर्षांपूर्वीचं वडिलांचं जाणं आठवत नाही, ते घुटमळणं आठवतं.

तुमच्या बहिणीच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण मुलाला एक माणूस कमी द्यायचा हे ती आधीच ठरवते आहे, आणि त्या मुलाला कुणी विचारलेलं नाही.

काळाकोट

फक्त रकान्याबद्दल, कारण भावाचा तो प्रश्न कायद्याने बराच आधी सोडवलाय.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये सांगितलं की अविवाहित आईला मुलाचं पालकत्व घेताना वडिलांचं नाव उघड करायची सक्ती नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायचा. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला आईवडिलांपैकी एकाचं नाव पुरतं. केरळ उच्च न्यायालय २०२१ मध्ये आणखी पुढे गेलं. अशा उपचारांनी एकट्या स्त्रीला झालेल्या मुलासाठी वडिलांचा रकानाच नसलेला वेगळा फॉर्म करा, असं त्यांनी सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं. दात्याचे पालक म्हणून सगळे हक्क कायद्याने संपतात, त्यामुळे तो उद्या दारात येईल ही भीती नको.

कागद आहेत. खिडकीपलीकडच्या माणसाला ते माहीत असतील याची खात्री मी देणार नाही.

माळरान

मी ३६ वर्षांचा, लातूरकडचा, शेती करतो. आठ एकर आहे, विहिरीला पाणी आहे, लग्न होत नाही. आमच्या गावात तिशी ओलांडलेली माझ्यासारखी बरीच जण आहेत. मुलीकडचे विचारतात, "नोकरी आहे का, पुण्यात घर आहे का?"

तुमच्या ताईंच्या बाबतीत काय झालं मला माहीत नाही, म्हणून त्यांना दोष देत नाही. पण आई व्हायची ओढ असते तशी बाप व्हायचीही असते. एकट्या पुरुषाला सरोगसी नाही, आणि मुलगी दत्तक घ्यायची तर तीही मिळत नाही. एकट्या बाईला मात्र बाप नको, फक्त त्याचं बी हवं. हे वाचून मला त्रास झाला, तो लपवत नाही. दत्तक घ्या ना. जगात आलेल्या लेकराला घर मिळेल.

चाफा

माळरान, तुमचा त्रास कळतो. पण तुमचं लग्न न ठरण्याची भरपाई गोदाकाठच्या बहिणीने का करायची?

मी हे केलंय. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. आयव्हीएफच्या दोन सायकल लागल्या, साडेचार लाख गेले, पहिल्या वेळी नवव्या आठवड्यात गेलं. तेव्हा रडायला जवळ फक्त आई होती.

दत्तकाचं मलाही सगळ्यांनी सुचवलं. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर एकट्या पालकाला वयाची मर्यादा ४० आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलाला ४५, आणि रांग काही वर्षांची. शिवाय एकट्या बाईकडे तिथेही कसं बघतात ते ऐका. भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित शिक्षिकेला सख्ख्या बहिणीचं मूल दत्तक घेऊ दिलं नव्हतं. कारण काय, तर ती नोकरी करते, मुलाकडे लक्ष कसं देणार! मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला, आणि ही मध्ययुगीन मनोवृत्ती आहे असं म्हटलं. आणि एक विचारते. लग्न झालेलं जोडपं आयव्हीएफला निघालं की त्यांना कुणी "त्यापेक्षा दत्तक घ्या" असं ऐकवतं का?

आता गोदाकाठसाठी. जन्मदाखल्यासाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या. २०१५ च्या निकालाची प्रत पिशवीत ठेवून गेले तेव्हा काम झालं. कठीण काय होतं सांगू? मला ताप, तिला ताप, बाहेर पाऊस, आणि औषध आणायला कोण जाणार? त्या रात्री मी वॉचमनकाकांना उठवलं. पैशाची तयारी सगळे करतात, माणसांची तयारी आधी करायला सांगा तिला. शेजार, मैत्रिणी, पाळणाघरातल्या काकू. मी चार घरांच्या किल्ल्या एकमेकींकडे ठेवल्यात.

मुलीने चौथ्या वर्षी विचारलं, "माझे बाबा कुठेत?" मी सांगितलं, "आपल्या घरात बाबा नाहीत. मला तू खूप हवी होतीस, एका काकांनी आणि डॉक्टरांनी मदत केली." ती म्हणाली, "बरं", आणि खेळायला गेली. पुन्हा विचारेल, माहीत आहे.

पाटीपेन्सिल

जिल्हा परिषद शाळेत एकोणीस वर्षं शिकवतेय. माझ्या हजेरीपटावर प्रत्येक मुलापुढे बापाचं नाव आहे. दिवाळीनंतर त्यातले कितीतरी बाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, बरोबर आया पण, आणि पोरं आजीकडे राहतात. काही बाप घरात असतात आणि नसते तर बरं, असं पोरंच बोलून दाखवतात. आजोबा, तुम्हाला शेजाऱ्यांनी आरशासमोर उभं केलं. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे बाप जिवंत असूनही त्यांना कुणी उभं केलेलं नाही.

आणि पुण्यात १८६३ मध्ये सावित्रीबाई-जोतिरावांनी गरोदर विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हाही लोक हेच विचारत होते की या मुलांचा बाप कोण. तिथल्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि डॉक्टर केला.

माळरान

बाई, त्या बायकांवर अन्याय झाला होता, त्या अडकल्या होत्या. इथे कुणी अडकलेलं नाही. आणि यशवंताला जोतिरावांनी आपलं नाव दिलं, म्हणजे बापच दिला ना? तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जातंय.

ऊसतोडीचं मात्र खरं बोललात. माझं लहानपण असंच आजीकडे गेलं.

दर्यावर्दी

मी इंग्लंडात लीड्सला असतो, म्हणून इथलं सांगतो. एकट्या बाईने आई होण्याला माझा विरोध नाही. केंब्रिजच्या सुसान गोलोम्बोक यांच्या गटाने अशा ५१ घरांची आईवडील दोघं असलेल्या ५२ घरांशी तुलना केली. मुलं चार ते नऊ वर्षांची होती. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही. जिथे मुलांना त्रास होता तिथे पैशाची ओढाताण आणि आईवरचा ताण ही कारणं निघाली. आजोबा, म्हणून "एक माणूस कमी" हा मुद्दा मला तितका मोठा वाटत नाही.

माझा विरोध दुसऱ्याच गोष्टीला आहे. ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून दात्याचं निनावीपण बंद केलं. त्यानंतर नोंदलेल्या दात्याचं मूल अठरा वर्षांचं झालं की त्याला दात्याचं नाव मागता येतं. भारतात दात्याचं नाव, आधार, पत्ता बँकेला नोंदवून ठेवावा लागतो, पण मोठं झालेल्या मुलाला ते मिळेल अशी तरतूद २०२१ च्या कायद्यात नाही. म्हणजे माहिती आहे, कपाटात आहे, आणि ज्याच्या रक्ताची ती आहे त्यालाच कुलूप. वडील नसणं मूल पचवू शकतं. कुणीतरी जाणूनबुजून लपवलंय हे कळल्यावर पचवणं अवघड जातं. इथे माझ्या ओळखीत दात्यापासून जन्मलेला एक तरुण आहे. त्याला वडील नको होते, त्याला फक्त बघायचं होतं की आपलं नाक कुणासारखं आहे.

हा कायदा बदलेपर्यंत मी भारतातल्या कुणा मैत्रिणीला हा मार्ग सुचवणार नाही.

चाफा

म्हणजे माझी मुलगी जन्माला यायला नको होती?

रागाने नाही विचारत. रोज तिची वेणी घालते तेव्हा तिच्या कपाळाकडे बघून मलाही वाटतं, हे कुणाचं? पण त्या प्रश्नासाठी तिला जगच दिलं नसतं, हे मला मान्य होत नाही. आणि हे कुलूप फक्त आम्हा एकट्या बायकांच्या मुलांना आहे का? नवऱ्याला दोष असलेली कितीतरी जोडपी दाता घेतात आणि मुलाला जन्मभर सांगत नाहीत. तिथे कुणी मुलाचा हक्क काढत नाही, कारण घरात एक पुरुष दिसतो. माझ्या मुलीला निदान ठाऊक आहे की कुणीतरी होता.

दर्यावर्दी

नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. चुकीचं वाटलं असेल तर माफ करा.

जोडप्यांचं म्हणालात ते बरोबर आहे, तिथे लपवणं आणखी जास्त. ते मी सोडायला नको होतं. पण मग तुमच्यासारख्या आयांनीच हे कुलूप काढायची मागणी केली पाहिजे. तुमच्याइतका अधिकार कुणाचा?

आजोबा_मुलुंड

सकाळपासून चाफाताईंचं उत्तर पुन्हा पुन्हा वाचतोय. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची गोष्ट आहे. गुरूकडे जायचं तर गोत्र हवं, म्हणून तो आईला विचारतो. जबाला सांगते, "तुझं गोत्र मला माहीत नाही. मी जबाला, तू सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल असंच सांग." आणि तो तसंच सांगतो म्हणून गुरू गौतम त्याला पदरात घेतात.

लहानपणी कीर्तनात ऐकताना मला त्या आईचा धीर मोठा वाटायचा. आज वाटतं, मुलाने विचारलं होतंच. विचारल्याशिवाय त्याला घराबाहेर पडता येत नव्हतं. माझा विरोध गेलेला नाही. पण ताई, तुमच्या बहिणीने मूल केलंच, तर त्याला पहिल्यापासून खरं सांगा. आणि मुलगा झाला तर दाढीच्या वयात त्याच्या मामाला सांगून ठेवा.

गोदाकाठ

सगळं बहिणीला वाचून दाखवलं. माळरान, तुमचं वाचल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "यांना सांग, माझ्या दहा वर्षांतही समोर शेतकरी मुलगा एकदाही आला नाही, कारण बाबा बायोडेटा परस्पर बाजूला ठेवायचे. मला कुणी विचारलंच नाही."

दर्यावर्दी यांच्या मुद्द्यावर तिने एक वही केलीय. दात्याबद्दल दवाखाना जे सांगेल ते, म्हणजे रक्तगट, उंची, शिक्षण, तारखेसह लिहून ठेवणार. नाव मिळणार नाही, पण उद्या कायदा बदलला तर बँकेचा नोंदणी क्रमांक हाताशी असावा म्हणून तोही मागणार आहे.

चाफाच्या "माणसांची तयारी" या शब्दावर ती अडली. काल रात्री तिने मला विचारलं, मृत्युपत्रात पालक म्हणून तुझं नाव घालू का? भावाला तिने विचारलेलं नाही. माझं वय ४६ आहे. तिचं मूल दहा वर्षांचं होईल तेव्हा मी अठ्ठावन्न-साठीला आलेली असेन. मुलाला सांभाळलं म्हणून तिच्या बाजूने लिहिणं सोपं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी तिला लगेच हो म्हणाले नाही. यांच्याशी बोलायचंय, आणि माझ्या मुलाशीही, तो आता सतरा वर्षांचा आहे. तिची डॉक्टरांकडची पुढची तारीख १२ ला आहे. त्याआधी तिला उत्तर द्यायचंय.