विषय: ब्राउझर बंद झाला की गिऱ्हाइकांचे कागद आपोआप पुसायचेत

नमस्कार मंडळी,

सुट्टीवर नाशिकला आलोय. दादाचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या रस्त्यावर. दिंडोरी-निफाडकडची माणसं तारखेला येतात, व्हॉट्सअ‍ॅप नाहीतर मेल उघडून कागद छापून घेतात आणि कोर्टात पळतात. काल दुकानातल्या मशीनवरचं डाउनलोड्स फोल्डर उघडलं. सगळ्यात वर कुणाच्या तरी घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा, त्याखाली एका आजींचं आधार, मग एक सातबारा, मग पासबुकाचं पहिलं पान. पुढचं गिऱ्हाईक माउस हातात घेतं तेव्हा त्याच्यासमोर हे सगळं उघडं पडलेलं असतं. मला ते बघवेना. दादालाही पटतंय, पण सकाळच्या गर्दीत एकेक फाइल डिलीट करत कोण बसणार? त्यात २०२७ च्या सिंहस्थात गर्दी आणखी वाढणार.

ब्राउझर बंद केला की फोल्डर आपोआप रिकामं व्हावं, एवढंच हवंय. मशीनवर विंडोज आहे. क्रोमची गेस्ट खिडकी वापरून पाहिली. लॉगिन आणि हिस्टरी जाते, पण डाउनलोड केलेल्या फायली जागच्या जागी राहतात.

— सध्या मुक्काम नाशिक

*

अरे, हे विचारलंस ते फार बरं केलंस. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं होतं, त्यात हेच होतं: सायबर कॅफेत ई-आधार डाउनलोड केलंत तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. लोक भलता अर्थ काढतायत म्हणून दोन दिवसांत पत्रक मागे घेतलं, पण एवढी गोष्ट सोळा आणे खरी. फक्त तारखेच्या घाईत असलेल्या माणसाला ती आठवणार नाही. म्हणून ही जबाबदारी दुकानाची.

चार-पाच ओळींची बॅच फाइल पुरेल, म्हणजे विंडोज ओळीनं पाळत जातो अशा आदेशांची साधी फाइल. आदेश इथे देवनागरीत लिहितेय, तू रोमनमध्ये टाक. आधी सी ड्राइव्हवर 'गिऱ्हाईक' नावाचं फोल्डर कर. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये नको. तिथे वनड्राइव्हचा बॅकअप चालू असला तर प्रत ढगात, म्हणजे इंटरनेटवर, जाऊन बसते.

पहिली ओळ 'आरडी /एस /क्यू' आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता, म्हणजे आतल्या सगळ्यासकट फोल्डर न विचारता पुसलं जातं. दुसरी 'एमडी' आणि तोच पत्ता, म्हणजे फोल्डर पुन्हा कोरं तयार. तिसरी 'स्टार्ट', मग रिकामी दुहेरी अवतरणं, मग '/वेट', मग अवतरणात क्रोमचा पत्ता. रिकामी अवतरणं गाळू नकोस. स्टार्ट पहिलं अवतरण खिडकीचं नाव समजतो, आणि क्रोमऐवजी नुसती काळी खिडकी उघडते. '/वेट'मुळे क्रोम बंद होईपर्यंत पुढची ओळ चालत नाही. शेवटी पहिल्या दोन ओळी पुन्हा.

सुरुवातीलाही पुसायचं, कारण मध्येच लाइट गेली तर शेवटच्या ओळी चालतच नाहीत. शिवाय एखादी पीडीएफ वेगळ्या रीडरमध्ये उघडी राहिली तर विंडोज ती पुसू देत नाही. ती पुढच्या खेपेला जाते.

खरी मेख क्रोमची आहे. एक क्रोम आधीच चालू असेल तर दुसरा आपलं काम त्याच्याकडे सोपवून लगेच संपतो. '/वेट'ला वाटतं झालं, आणि गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना फोल्डर साफ! म्हणून क्रोमच्या पत्त्यापुढे '--यूजर-डेटा-डिर=' लावून दुकानासाठी वेगळं प्रोफाइल फोल्डर दे, आणि हिस्टरी राहू नये म्हणून '--इन्कॉग्निटो'ही जोड. त्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची जागा 'गिऱ्हाईक' कर. 'क्रोम बंद असताना बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवा' हे बंद कर, नाहीतर क्रोम संपतच नाही आणि साफसफाई कधीच होत नाही.

आणि कृपा करून 'सीडी'नं फोल्डरमध्ये शिरून मग 'डेल'नं फायली पुसायच्या, असं कुठेही लिहू नकोस. सीडी फसली तर डेल जिथे असेल तिथल्या फायली उडवतो, आणि त्या रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या अ‍ॅपच्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव रिकामं राहिलं, आणि लोकांच्या स्वतःच्या फायली गेल्या. पत्ता नेहमी पूर्ण.

प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'छापलेले कागद ठेवा' या खुणेकडेही बघ. ती चालू असली तर प्रत तिथे साठत राहते.

— ताई

*

ताई, सगळं मान्य. पण वकिलानं एक शब्द बदलायला सांगितला म्हणून गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, तेव्हा टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र हवं ना? दुकान त्यावरच चालतं. मी म्हणतो, सगळंच आठ दिवस राहू द्या.

— काका

*

काका, डाउनलोड केलेलं आधार आठ दिवस ठेवायला माझा ठाम विरोध आहे. ते गिऱ्हाइकाच्या फोनवर आहेच, पुन्हा मिळेल. टाइप केलेल्या मजकुराचं मात्र तुमचं बरोबर, ती दादाची मेहनत आहे. त्याला 'टायपिंग' असं वेगळं फोल्डर करा आणि त्याच बॅचमध्ये 'फॉरफाइल्स'ची एक ओळ टाका, ती तारीख बघून फायली निवडते आणि डेलकडून पुसून घेते. '/डी' पुढे उणे ८ दिलं की शेवटच्या बदलाला आठ दिवस झालेल्या फायलीच निवडल्या जातात. आज एक शब्द बदलला तर मुदत आजपासून पुन्हा सुरू.

आधी डेलच्या जागी 'एको' लिहून चालवा. काय पुसलं जाणार त्याची नुसती यादी दिसेल.

— ताई

*

ताई, काका, आभार. एकोची यादी दादानं स्वतः वाचली आणि त्यात एका अपिलाचा मसुदा निघाला, ज्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. म्हणून टायपिंगची मुदत आम्ही ४५ दिवस केली. 'गिऱ्हाईक' मात्र क्रोम बंद झाला की लगेच साफ होतंय. बाजूला पीडीएफ उघडी ठेवूनही पाहिलं, तेवढी एक राहिली आणि पुढच्या वेळी गेली. जुनं डाउनलोड्स आज दुकान बंद झाल्यावर रिकामं करतोय, आणि प्रिंटरची ती खूण चालूच होती, ती काढली.

— सध्या मुक्काम नाशिक